घरच्या स्लॉट कार ट्रॅकवर रिव्हर्सिंग लूप : वायरिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे घरी ॲनालॉग स्लॉट कार ट्रॅक मांडणाऱ्यांसाठी आहेत. स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत अडकून विजेवर धावणारी छोटी गाडी, आणि ॲनालॉग म्हणजे ट्रॅकला दिलेल्या व्होल्टेजनेच वेग ठरणारा साधा प्रकार. ट्रॅक तयार प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा असो किंवा प्लायमध्ये राउटरने खाच पाडून तांब्याची टेप चिकटवून केलेला असो, विजेचे तत्त्व एकच आहे. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर यांची तोंडओळख असल्याचे येथे गृहीत धरले आहे.

रिव्हर्सिंग लूप म्हणजे नेमके काय?

एका लेनवरून गेलेली गाडी पुढे फाट्यावरून वळसा घेते आणि पुन्हा त्याच लेनवर, पण उलट्या दिशेला तोंड करून परत येते, अशा रचनेला रिव्हर्सिंग लूप म्हणतात. घाटरस्त्याची रॅली, वर जाऊन त्याच रस्त्याने खाली येणारी हिलक्लाइंब किंवा दोन्ही टोकांना वळसा असलेला डंबेलसारखा ट्रॅक हवा असेल, तर तो लागतो. चर्चगेटला आलेली लोकल वळत नाही, मोटरमन दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो. स्लॉट कारला ही सोय नाही, कारण तिचे गाइड (खाचेत उतरणारी जीभ) पुढच्याच बाजूला असते आणि मागे ढकलली की ती खाचेतून बाहेर पडते. त्यामुळे तिला परत आणायचे तर वळवूनच आणावे लागते.

लूप जोडला की लगेच शॉर्ट का होते? वायरिंग तर बरोबर होते.

वायरिंग बरोबर असूनही शॉर्ट होते, कारण दोष वायरिंगचा नसून भूमितीचा असतो. स्कॅलेक्सट्रिक १९५७ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले तेव्हा त्याचा ट्रॅक रबराचा होता. पुढे तो प्लॅस्टिकचा झाला आणि इतर अनेक कंपन्या आल्या, पण प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक धातूची पट्टी, ही मूळ व्यवस्था कायम राहिली. गाइडखालचे दोन पिकअप या दोन पट्ट्यांवर घासत जातात आणि मोटारीला वीज पोहोचवतात.

आता कागदावर एक उभी रेघ काढून ती आपली सामाईक लेन समजावी. तिच्या डाव्या पट्टीला ‘क’ आणि उजव्या पट्टीला ‘ख’ म्हणावे. वरच्या टोकाला फाटा आहे. गाडी डाव्या फांदीने आत शिरते, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसा घेते आणि उजव्या फांदीने खाली उतरते. (डावीकडूनच शिरावे असा नियम नाही, पण आपल्याकडच्या रस्त्यांची सवय पाहता हाच क्रम सोयीचा वाटतो.) आत शिरताना ‘क’ पट्टी वळशाच्या बाहेरच्या कडेला असते. तिच्यावर बोट ठेवून पूर्ण वळसा फिरल्यास बोट शेवटी सामाईक लेनच्या उजव्या पट्टीवर, म्हणजे ‘ख’वर, येऊन टेकते. तसेच ‘ख’ आतल्या कडेने फिरून ‘क’ला मिळते. याचा अर्थ पुरवठ्याची दोन्ही टोके धातूने थेट जोडली गेली आहेत. ट्रॅकवर गाडी नसली तरी शॉर्ट होणारच, आणि ॲडॉप्टर कितीही मोठा घेतला तरी त्यात फरक पडणार नाही.

दुसरी अडचण गाडीच्या बाजूने येते. मोटार पुढे फिरण्यासाठी गाडीच्या डाव्या हाताची पट्टी नेहमी ठरावीक ध्रुवाचीच असावी लागते. जाताना डावीकडे ‘क’ होती, परत येताना गाडी वळलेली असल्यामुळे तिच्या डावीकडे ‘ख’ येते. म्हणून सामाईक लेनची पोलॅरिटी, म्हणजे कोणती पट्टी धन आणि कोणती ऋण हा क्रम, गाडी परतण्यापूर्वी उलटी झाली पाहिजे. लूपमध्ये मात्र गाडी नेहमी एकाच दिशेने फिरते, त्यामुळे तिथली पोलॅरिटी कधीच बदलावी लागत नाही. लूप कायम, सामाईक लेन बदलती : पुढची सर्व जोडणी या एका वाक्यावर उभी आहे.

माझ्या मांडणीत खरा रिव्हर्सिंग लूप आहे की नाही, हे कसे ओळखावे?

दोन रंगांचे मार्कर घ्यावेत. गाडी जाण्याच्या दिशेने डाव्या पट्टीलगत लाल आणि उजव्या पट्टीलगत काळी खूण करत पूर्ण ट्रॅक फिरावा. कुठेही लाल खूण काळ्या खुणेला येऊन भिडली, तर तिथे रिव्हर्सिंग लूप आहे. भिडली नाही, तर नाही.

ही चाचणी महत्त्वाची आहे, कारण दिसायला तसे वाटणारे पुष्कळ ट्रॅक प्रत्यक्षात साधे असतात. आठच्या आकड्यात गाडी स्वतःचाच रस्ता ओलांडते, पण एकाच लेनवर उलटी येत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. दोन लेनच्या ट्रॅकच्या टोकाला पहिली लेन वळवून दुसऱ्या लेनला जोडली, तर तोही रिव्हर्सिंग लूप होत नाही, ते एक लांबलचक एकेरी सर्किटच असते. तिथे शॉर्ट झालेच, तर ते पॉवर लागणाऱ्या तुकड्यात होते. हा तुकडा दोन्ही लेनवर गाड्या एकाच दिशेने जाणार असे समजून बनवलेला असतो, आणि येथे दुसऱ्या लेनवर गाडी उलट येते. अशा वेळी दुसऱ्या लेनची फॅक्टरीतली जोडणी काढून टाकावी, एवढाच उपाय पुरतो.

याउलट, साध्या अंडाकृती ट्रॅकच्या मधून आडवा जोडरस्ता काढला आणि त्यावरून गेलेली गाडी अंडाकृतीत उलट्या दिशेने शिरू लागली, तर लूपचा आकार कुठेही न दिसता तो खरा रिव्हर्सिंग लूप असतो. मार्करच्या खुणा हे लगेच दाखवून देतात.

पट्ट्या कुठे आणि किती कापायच्या?

एकूण चार काप द्यावेत. फाट्याच्या लगेच पुढे आत शिरण्याच्या फांदीवर दोन्ही पट्ट्या कापाव्यात आणि परतण्याच्या फांदीवरही दोन्ही कापाव्यात. केवळ एकाच फांदीवर काप देऊन काम भागते असे काही जण सांगतात, आणि गाडी नसताना शॉर्ट थांबल्यामुळे ते खरेही वाटते, पण सामाईक लेन उलटवताच न कापलेल्या फांदीतून लूपच्या पट्ट्या चुकीच्या ध्रुवांना जोडल्या जातात. म्हणून चारही काप हवेतच.

कापाची रुंदी एक ते दोन मिलिमीटर पुरते. तांब्याच्या टेपवर हे काम धारदार कटरने होते. प्लॅस्टिक ट्रॅकच्या पोलादी पट्टीसाठी बारीक कटिंग डिस्क लागते, किंवा त्याहून सोपे म्हणजे दोन तुकड्यांच्या सांध्यावरच्या संपर्कपत्त्या काढून तिथेच विद्युतरोध करता येतो. कापात इपॉक्सीचा थेंब भरून वाळल्यावर घासून सपाट करावा, नाही तर पिकअप घासून घासून धातूची भुकटी त्यात साठते आणि काही आठवड्यांनी काप पुन्हा वीज वाहू लागतो. प्रत्येक काप दिल्यावर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून बीप येत नाही याची खात्री करावी.

डीपीडीटी स्विच कसा जोडायचा?

सामाईक लेन उलटवण्याचे काम डीपीडीटी (डबल पोल डबल थ्रो) स्विच करतो, तो दोन वायरी एकदम दोनपैकी एका बाजूला जोडतो. या स्विचला मागे सहा टोके असतात : तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत दोन. वरच्या रांगेला पुरवठा जोडावा, म्हणजे एका टोकाला कंट्रोलरमधून (हातातल्या ट्रिगरच्या वेगनियंत्रकातून) आलेली वायर आणि दुसऱ्याला ॲडॉप्टरकडे परत जाणारी वायर. वरच्या डाव्या टोकापासून खालच्या उजव्या टोकापर्यंत एक वायर आणि वरच्या उजव्यापासून खालच्या डाव्यापर्यंत दुसरी, अशी फुली करावी. मधल्या रांगेतून निघणाऱ्या दोन वायरी सामाईक लेनच्या दोन पट्ट्यांना जातात. दांडी एका बाजूला असताना पुरवठा सरळ जातो, दुसऱ्या बाजूला असताना फुलीतून उलटून जातो.

लूपच्या दोन पट्ट्यांना मात्र स्विचमधून वायर न देता वरच्या रांगेच्याच टोकांवरून थेट वायरी न्याव्यात. कंट्रोलर तोच राहतो, त्यामुळे लूपमध्ये आणि बाहेर गाडीचा वेग एकाच ट्रिगरने ताब्यात राहतो.

कोणती वायर कोणत्या पट्टीला, हे आधी डोक्यात ठरवण्यापेक्षा करून पाहणे बरे. प्रथम लूपमध्ये गाडी ठेवून ती पुढे जाते का ते पाहावे. मागे जात असेल, तर लूपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. मग सामाईक लेनवर गाडी लूपकडे तोंड करून ठेवावी, स्विचच्या ज्या स्थितीत ती पुढे जाते तिथे ‘जाणे’ आणि दुसरीकडे ‘येणे’ असे लिहावे. पुष्कळ टॉगल स्विचांमध्ये दांडी वर असताना मधली रांग खालच्या रांगेशी जोडली जाते, त्यामुळे अंदाजाने लिहिलेले लेबल हमखास उलटे निघते.

स्विच निवडताना ५ अँपिअरच्या आसपासचा घ्यावा. मध्ये ‘बंद’ अशी तिसरी स्थिती असलेला मिळाला तर उत्तम, कारण त्या स्थितीत सामाईक लेन पूर्ण बंद ठेवून चाचण्या करता येतात.

तयार संचातल्या पॉवरच्या तुकड्यातून वायरी बाहेर काढता येत नाहीत. मग काय करावे?

तो तुकडाच लूपमध्ये बसवावा. लूपला कंट्रोलरमधून थेट आणि कायम एकाच पोलॅरिटीचा पुरवठा हवा असतो, आणि तयार तुकडा नेमके तेच देतो. मग लूपच्या पट्ट्यांना खालून दोन वायरी सोल्डर करून त्या स्विचच्या वरच्या रांगेला न्याव्यात आणि मधल्या रांगेतून सामाईक लेनला पुरवठा द्यावा. संच उघडावा लागत नाही आणि हा हौशी खटाटोप मोडायचा ठरला, तर सगळे तुकडे पूर्ववत वापरता येतात. पोलादी पट्टीला सोल्डर धरत नसेल, तर पट्टी आधी सँडपेपरने घासावी आणि तापलेली बिट फार वेळ टेकवू नये, नाही तर प्लॅस्टिक वितळून खाचेचा आकार बिघडतो.

स्विच ॲडॉप्टर आणि कंट्रोलर यांच्यामध्ये लावला तर चालणार नाही का?

नाही. साध्या रेझिस्टन्सवायरच्या कंट्रोलरला पोलॅरिटी उलटल्याने काही होत नाही, पण ट्रान्झिस्टर किंवा डायोड असलेले इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर उलट पुरवठ्यावर नीट चालत नाहीत आणि काही निकामीही होतात. शिवाय त्या जागी स्विच लावल्यास लूप आणि सामाईक लेन दोन्ही एकदम उलटतात, मग मूळ प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. स्विचची जागा कंट्रोलरच्या पुढे, पट्ट्यांच्या बाजूला.

ब्रेक काम करेल का?

करेल. ट्रिगर सोडल्यावर कंट्रोलर दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडतो, फिरती मोटार जनित्रासारखी वागून स्वतःलाच रोखते, आणि यात पोलॅरिटीचा संबंध येत नाही. लूपला वेगळ्या वायरी असल्या तरी त्या कंट्रोलरच्या त्याच टोकावरून येत असल्यामुळे तिथेही ब्रेक लागतो.

स्विच नेमका केव्हा बदलायचा?

गाडीचे गाइड आत शिरण्याचा काप ओलांडून गेल्यावर आणि परतीच्या कापापर्यंत पोहोचण्यापूर्वी, केव्हाही. येथे स्लॉट कारची स्थिती मॉडेल रेल्वेपेक्षा सोपी आहे. रेल्वेत इंजिनाची आणि कधी डब्यांचीही चाके वीज घेतात, त्यामुळे अख्खी गाडी विलग भागात मावावी लागते. स्लॉट कारमध्ये वीज फक्त गाइडखालच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये घेतली जाते. म्हणून विजेच्या दृष्टीने लूप बराच लहान असला तरी चालतो, त्याचा आकार ठरतो तो गाडी वळू शकते का यावर आणि चालकाच्या हाताला किती वेळ मिळतो यावर.

स्विच बदलायचा राहून गेला, तर गाडीचा पिकअप परतीच्या कापावर आला की तो दोन विरुद्ध ध्रुव एकमेकांना जोडतो आणि ठिणगी पडते. त्यातून गाडी पुढे सरकलीच, तर सामाईक लेनवर मोटार उलटी फिरून गाडी मागे येते, लूपच्या पट्टीवर येताच पुन्हा पुढे जाते, आणि अशी कापावर थरथरत राहते. पिकअपची तांब्याची जाळी यात लवकर जळते. म्हणून ॲडॉप्टरच्या निघणाऱ्या वायरवर दीड-दोन अँपिअरचा आपोआप पूर्ववत होणारा पॉलीफ्यूज लावणे मी आवश्यक मानतो. तो फार महाग वस्तू नाही.

एका लेनवर एकाच वेळी किती गाड्या चालवता येतील?

एकच. सामाईक लेन उलटवताच तिच्यावरची दुसरी गाडी मागे पळू लागेल. शर्यत हवी असेल, तर दोन स्वतंत्र लेन, दोन लूप, दोन कंट्रोलर आणि दोन स्विच असा पूर्ण दुहेरी संसार मांडावा लागतो. माझ्या मते या प्रकारच्या ट्रॅकची खरी मजा वेळ लावून एकेकट्याने चालवण्यात आहे, जशी रॅलीत असते.

दोन्ही टोकांना लूप असतील तर दोन स्विच लागतात का?

स्विच एकच पुरतो. दोन्ही लूपना कंट्रोलरमधून थेट, आपापल्या दिशेला योग्य असा कायम पुरवठा द्यावा आणि मधली सामाईक लेन एका स्विचने उलटवावी. जोडणी तपासण्याची खूण अशी : दोन्ही लूपमध्ये गाडीच्या डाव्या हाताची पट्टी एकाच ध्रुवाची निघाली पाहिजे. काप मात्र आठ होतात.

हे काम आपोआप व्हावे यासाठी काय करावे?

आधी हाताच्या स्विचवर ट्रॅक निर्दोष चालवून घ्यावा, कारण स्वयंचलित जोडणीत दोष शोधणे फार कटकटीचे असते.

त्यानंतर स्विचच्या जागी दोन चेंजओव्हर (दोन्हीकडे वळणारे संपर्क) असलेला लॅचिंग रिले, म्हणजे विजेने हलणारा आणि स्थिती टिकवणारा स्विच, बसवावा. लॅचिंग रिलेच्या दोन कॉइलच्या प्रकारात एका कॉइलला क्षणभर वीज दिली की तो एका बाजूला जाऊन तिथेच राहतो, दुसऱ्या कॉइलला दिली की परत येतो. पहिल्या लूपमधल्या सेन्सरने एक कॉइल आणि दुसऱ्या लूपमधल्या सेन्सरने दुसरी कॉइल चालवावी. रिलेच्या संपर्कांची फुली अगदी वर सांगितलेल्या टॉगलसारखीच करायची. कॉइलला पुरवठा मात्र १२ व्होल्टच्या वेगळ्या ॲडॉप्टरवरून द्यावा. ट्रॅकवरचा व्होल्टेज ट्रिगरबरोबर खालीवर होत असतो आणि नेमका वळणावर, ट्रिगर सैल असताना, तो रिलेला अपुरा पडतो.

सेन्सर म्हणून रीड स्विच सर्वांत सोयीचा. १:३२ मापाच्या (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या) बहुतेक तयार गाड्यांच्या पोटाखाली पकड वाढवण्यासाठी चुंबक बसवलेलेच असते, ते वरून गेले की ट्रॅकखालचा रीड स्विच मिटतो. त्याचे संपर्क नाजूक असतात, म्हणून त्यातून मोटारीचा करंट कधीही नेऊ नये, केवळ रिलेच्या कॉइलचा न्यावा. प्रत्येक कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा जोडावा, म्हणजे कॉइल बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजने रीडचे संपर्क चिकटणार नाहीत.

वेळेचा हिशेब येथे डोळ्याआड करता येत नाही. गाडी सेकंदाला तीन मीटर वेगाने गेली आणि रीड साधारण दोन सेंटिमीटर अंतरभर मिटलेला राहिला, तर रिलेला जेमतेम सात मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात अनेक रिले हलतच नाहीत. वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर वीस मिलिसेकंद मिळतात आणि काम होते. म्हणून सेन्सर वळणाच्या मध्यावर, जिथे गाडी सर्वांत सावकाश असते तिथे, ठेवावा. तरीही एखादा फेरा चुकत असेल, तर सेंटिमीटरभर अंतरावर दुसरा रीड समांतर जोडावा. सेन्सरपासून परतीच्या कापापर्यंत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास रिले बदलून स्थिर होण्यास पुरेसा अवकाश राहतो. दोन्ही सेन्सरना समांतर एकेक पुशबटण अवश्य द्यावे, कारण लॅचिंग रिले मागची स्थिती लक्षात ठेवतो, पण गाडी आपण हाताने कुठल्या दिशेला ठेवली हे त्याला कळत नाही.

इन्फ्रारेड सेन्सरही चालतात. मात्र खिडकीतून थेट ऊन येणाऱ्या खोलीत ते फसतात.

गाडीतच ब्रिज रेक्टिफायर बसवला तर स्विचची कटकट वाचेल ना?

काही अंशी वाचते. चार डायोडांचा ब्रिज पिकअप आणि मोटार यांच्यामध्ये बसवल्यास पट्ट्यांची पोलॅरिटी कशीही असली तरी मोटार पुढेच फिरते. मग सामाईक लेन उलटवावी लागत नाही आणि एकाहून अधिक गाड्याही सोडता येतात, समोरासमोर धडकण्याची तयारी असेल तर.

त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. साध्या सिलिकॉन डायोडांत मिळून सुमारे १.४ व्होल्ट जातात, शॉटकी डायोड वापरल्यास कमी. ब्रेक पूर्णपणे जातो, कारण मोटारीने निर्माण केलेली वीज डायोडांतून उलट वाहू शकत नाही. आणि पट्ट्यांचे शॉर्ट होणे या उपायाने टळत नाही, काप लागतातच. शिवाय लूप आणि सामाईक लेन यांची पोलॅरिटी एका कापावर कायम विरुद्ध राहते, त्यामुळे तिथे केवळ दोन मिलिमीटरचा काप न ठेवता पिकअपच्या लांबीपेक्षा मोठा, म्हणजे २५ ते ३० मिलिमीटरचा, वीज नसलेला टप्पा ठेवावा लागतो. गाडी तो वेगाच्या जोरावर ओलांडते. ब्रेकशिवाय वळणावर येणारी १:३२ गाडी हाताळणे कष्टाचे असते, म्हणून मला हा उपाय केवळ ट्रॅकभोवती शोभेसाठी हळू फिरणाऱ्या बस-ट्रकसाठी योग्य वाटतो.

फाटा कसा तयार करावा?

घरी राउटरने केलेल्या ट्रॅकवर सर्वांत जास्त वेळ फाट्यालाच लागतो. सुदैवाने रिव्हर्सिंग लूपमध्ये गाडी नेहमी एकाच फांदीने आत जाते आणि दुसरीने बाहेर येते, त्यामुळे फाट्याला मोटार किंवा सोलेनॉइड लावण्याची गरज नसते. खाचेत पातळ प्लॅस्टिकची किंवा फॉस्फर ब्राँझची लवचिक पाती अशी बसवावी, की ती परतीच्या फांदीचे तोंड झाकून राहील. जाणारे गाइड तिला घासून आत शिरण्याच्या फांदीकडे वळते, येणारे गाइड तिला बाजूला ढकलून निघून जाते आणि पाती पुन्हा जागेवर येते. पाती जितकी मऊ ठेवता येईल तितकी ठेवावी. गाडी हलकी असते, ताठ पातीवर आपटून तिचे गाइड उचलले जाते.

विजेच्या बाजूने पाहता फाट्याच्या बेचक्यात दोन पट्ट्या एकमेकींच्या खाचांवर आडव्या येतात, त्यामुळे तिथे त्या तोडाव्याच लागतात. बेचक्यापलीकडे डाव्या फांदीची उजवी पट्टी पुन्हा सुरू होते, ती खालून वायरने सामाईक लेनच्या उजव्या पट्टीला जोडावी. उजव्या फांदीची डावी पट्टी तशीच सामाईक लेनच्या डाव्या पट्टीला जोडावी. चार काप याच्यापुढे येतात, म्हणजे फाटा हा विजेच्या दृष्टीने सामाईक लेनचाच भाग ठरतो. पट्ट्या तुटल्यामुळे मध्ये काही सेंटिमीटर एका पिकअपला वीज मिळत नाही. फांद्या जितक्या सावकाश दूर जातील, तितका हा टप्पा लांबतो. म्हणून देखण्या, निमुळत्या फाट्याचा मोह टाळून फांद्या लवकर अलग होतील असा फाटा आखावा.

डिजिटल संचावर हे करता येईल का?

पट्ट्यांचे शॉर्ट होणे डिजिटल ट्रॅकवरही तसेच असते, आणि तिथे पट्ट्यांतून विजेबरोबर संदेशही जात असल्यामुळे मध्येच रिलेने पुरवठा उलटवणे हा वेगळा आणि अवघड विषय होतो. ही पाने ॲनालॉगपुरतीच आहेत.

मुंबईतल्या लहान घरात लूपला जागा किती लागते?

१:३२ मापाला टोकाचा वळसा साधारण ७० सेंटिमीटर रुंद धरावा, फाट्याची लांबी वेगळी. जागा कमी असेल, तर एचओ मापाचा, म्हणजे १:३२हून बऱ्याच लहान गाड्यांचा, विचार करावा. एएफएक्स या ब्रँडच्या ट्रॅकमध्ये ६, ९, १२ आणि १५ इंच त्रिज्येची वळणे मिळतात आणि ९ इंची वळणाचा लूप अर्ध्या मीटरच्या आसपास बसतो. एचओ गाड्यांना खाचेत पिन आणि पट्ट्यांवर घासणारे धातूचे शू असतात, तरी येथील सर्व तत्त्वे जशीच्या तशी लागू पडतात. १:३२च्या घरगुती संचांना साधारण १२ ते १५ व्होल्ट लागतात, तर एचओला १८ ते २२. त्यानुसार रिले आणि ॲडॉप्टर वेगवेगळे पाहावेत.

वन रूम किचनमध्ये कायमचे टेबल अशक्य असते. डंबेल आकार येथे उपयोगी पडतो, कारण मधली एकेरी लेन अरुंद फळीवर मावते आणि दोन्ही टोकांचे लूप वेगळ्या चौकोनी फळ्यांवर करून पलंगाखाली सरकवता येतात. फळ्यांच्या सांध्यावर वायरींसाठी चार टोकांचा प्लग-सॉकेट वापरावा आणि तो उलटा बसणारच नाही असा निवडावा. आठ बाय चारचा प्लाय बहुतेक इमारतींच्या लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून दुकानातूनच कापून आणलेला बरा.

सामान कुठे मिळते?

टॉगल, रिले, रीड स्विच, डायोड, पॉलीफ्यूज हे सर्व ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर मिळते. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात. लाल-काळी दुपदरी वायर पाऊण किंवा एक स्क्वेअर एमएमची घ्यावी, ती लोहार चाळीतही मिळते. तांब्याची टेप घेताना तिचा गोंद वीज वाहणारा आहे की नाही हे विचारावे. नसेल, तर टेपचा प्रत्येक जोड सोल्डर करावाच लागतो. तसा तो नाही तरी करावाच.

पावसाळ्यात ट्रॅक बिघडतो. काय काळजी घ्यावी?

जून ते सप्टेंबर या काळात पोलादी पट्ट्यांवर गंजाचा तांबूस थर चढतो आणि तांबे काळवंडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पट्ट्या पुसाव्यात. गंज असेल तिथे बारीक घर्षणाचे पॅड वापरावे, पण स्टील वूल मुळीच वापरू नये, कारण त्याचे तंतू गाड्यांच्या चुंबकांना चिकटून मोटारीत जातात आणि कापांत अडकून शॉर्ट करतात. एमडीएफ ओलाव्याने फुगतो, खाच अरुंद होते आणि फाट्याची पाती अडकते. म्हणून राउटरच्या ट्रॅकसाठी पाणीरोधक बीडब्ल्यूपी दर्जाचा प्लाय घ्यावा आणि खाचेच्या आतल्या कडांनाही रंग द्यावा.

सगळे बरोबर जोडूनही गाडी परतीच्या कापावर थांबते. दोष कुठे शोधावा?

गाडी उचलून, ट्रिगर पूर्ण दाबून, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. लाल प्रोब कापाच्या लूपकडच्या बाहेरच्या पट्टीवर आणि काळा प्रोब त्याच पट्टीच्या कापापलीकडच्या टोकावर टेकवावा. स्विच ‘येणे’वर असताना येथे शून्याजवळ वाचन आले पाहिजे. पूर्ण व्होल्टेज दिसल्यास पोलॅरिटी विरुद्ध आहे, म्हणजे लेबल उलटे आहे किंवा फुलीतली एक वायर चुकली आहे. वाचन शून्य असूनही गाडी थांबत असेल, तर कापाच्या दोन्ही कडा एका पातळीत नाहीत किंवा पिकअपची जाळी एका बाजूला विस्कटली आहे. आत शिरण्याच्या कापावर हीच चाचणी ‘जाणे’ स्थितीत करावी. दोन्हीकडे वाचन ठीक असेल आणि गाडी फक्त हळू चालवताना फाट्यात थांबत असेल, तर बेचक्यापलीकडच्या दोन जोडवायरींपैकी एकीचे सोल्डर सुटलेले असते.

मुख्य विजेच्या बाबतीत काही सूचना?

ट्रॅकखाली २३० व्होल्टची कोणतीही वायर नेऊ नये. बंद पेटीतला तयार ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमध्येच राहावा आणि ट्रॅकपर्यंत केवळ त्याची कमी व्होल्टची वायर यावी. रिलेसाठीचा दुसरा ॲडॉप्टर वेगळा ठेवावा आणि दोघांची ऋण टोके एकत्र जोडू नयेत, तशी गरजही नसते. खेळ संपल्यावर दोन्ही सॉकेट बंद करावेत, कारण लॅचिंग रिलेला आपली स्थिती टिकवायला वीज लागत नाही.